जुने विमान, नवे रडार आणि विलंबाची किंमत

१/
२६ सप्टेंबर २०२५. चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये या विमानांची पहिली स्क्वाड्रन याच चंदीगडला उभी राहिली होती. त्या दिवशी समाजमाध्यमांवर दोनच सूर ऐकू आले. एक 'आकाशाच्या राजा'चा, दुसरा 'उडत्या शवपेटी'चा. दोन्ही सुरांत एक प्रश्न हरवला. १९५० च्या दशकातल्या आराखड्याचे विमान २०२५ पर्यंत उडत राहिले, ते कोणत्या हिशेबाने?

धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

२/
तो हिशेब म्हणजे लढाऊ विमानांचे अद्ययावतीकरण. जुन्या विमानाचा सांगाडा ठेवायचा, आतले रडार, संगणक, वैमानिकापुढील दर्शकपट आणि शस्त्रे बदलायची. नव्या विमानाच्या किमतीच्या एका हिश्श्यात नव्या विमानाची बरीचशी ताकद पदरात पडते, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. जगातील बहुतेक हवाई दले याच वाटेने चालतात.

माझे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. अद्ययावतीकरणाचा खरा खर्च करारावरील रकमेत कधीच पुरता दिसत नाही. तो निर्णयाला लागलेल्या वर्षांत दडलेला असतो. आपल्या हवाई दलाच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात याचे दाखले जागोजागी सापडतात.

३/
आधी खर्च होतो कशावर, ते पाहू. ज्यांनी जुन्या वाड्याची डागडुजी केली आहे, त्यांना हे सांगायला नको. एक खिडकी बदलायला जावे तर चौकट कुजलेली निघते. चौकट काढावी तर भिंतीत ओल सापडते. विमानाचेही तसेच. नवे रडार जुन्यापेक्षा अधिक वीज मागते, अधिक तापते. म्हणून वीजनिर्मिती वाढवा, शीतकरण बदला. त्यासाठी नाकाकडच्या भागातील तारांचे जाळे उसवा. जाळे उसवले की लक्षात येते की वीस-पंचवीस वर्षांच्या दुरुस्त्यांमुळे हे विमान कागदावरील आराखड्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि शेजारचे विमान याच्याशी जुळत नाही.

४/
याखेरीज एक मोठा खर्च असतो, जो विमाने किती आहेत यावर अवलंबून नसतो. नवी रचना आखणे, संगणकाची आज्ञावली लिहिणे, प्रत्येक शस्त्र उडवून पाहणे, शेकडो चाचणी-उड्डाणे करणे. विमाने पन्नास असोत वा पाचशे, हा खर्च साधारण तेवढाच. पन्नास विमानांवर वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला भला मोठा येतो, पाचशेंवर वाटला तर हलका होतो. पुढचे बरेचसे नाट्य या एका गोष्टीतून घडते.

५/
आता मिग-२१ कडे. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. तेथे सहाशेहून अधिक मिग-२१ बांधले गेले. शेवटचा प्रकार 'बिस', तो १९८० च्या दशकात. १९९६ मध्ये भारताने रशियाशी करार केला आणि १२५ 'बिस' अद्ययावत करण्याचे ठरले. पहिली दोन निझनी नोवगोरोदला घडली, उरलेल्यांचे काम ओझरला झाले. जेथे जन्म झाला तेथेच पुनर्जन्म. या रूपाला नाव मिळाले 'बायसन'.

६/
बायसनमध्ये रशियन 'कोप्यो' रडार होते, नजरेच्या टप्प्यापलीकडे मारा करणारे आर-७७ क्षेपणास्त्र होते, फ्रेंच मार्गदर्शन यंत्रणा होती आणि शत्रूच्या रडारची चाहूल देणारे आपल्याच डीआरडीओचे 'तरंग' हे उपकरण होते. चार देशांचे सामान एका छोट्या विमानात बसवणे हे लहान काम नव्हे. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी एफ-१५ विमानांसोबत 'कोप इंडिया' हा सराव झाला. त्यानंतर अमेरिकी वैमानिकांनी ज्या विमानांची दखल घेतली, त्यांत सुखोईबरोबर बायसनही होते.

म्हणून १९९६ चा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. हाती असलेल्या पैशांत तो बहुधा सर्वांत शहाणा निर्णय होता.

७/
मग बिनसले कोठे? बायसन हा मुळात पूल होता. त्याच्या पलीकडच्या काठावर 'तेजस' उभे असायला हवे होते. तेजसच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ ला. पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ ला. पलीकडचा काठ सतत मागे सरकत राहिला आणि पूल लांबवावा लागला. रडार बदलता येते, क्षेपणास्त्र बदलता येते. पण त्रिकोणी आखूड पंखांचे, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणारे, एकाच इंजिनाचे विमान शेवटपर्यंत तसेच राहते. सांगाड्याचे वय कोणत्याही कराराने कमी होत नाही.

८/
२७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान ज्या विमानातून झेपावले ते बायसनच. त्या दिवशी हवेत काय घडले याविषयी भारत आणि पाकिस्तान यांचे दावे आजही जुळत नाहीत, त्या वादात येथे शिरत नाही. मला वेगळीच गोष्ट सलते. तीस वर्षांहून जुन्या सांगाड्याच्या विमानाला आघाडीच्या लढाईत उतरावे लागले, कारण त्याची जागा घेणारे विमान पुरेशा संख्येने तयार नव्हते.

एका विमानामागे आलेला अद्ययावतीकरणाचा खर्च सेवेच्या वर्षांनी भागला, तर बायसन फार स्वस्त ठरतो. त्या भागाकारात अपघातांत गेलेले वैमानिक धरायला रकानाच नसतो. सेवेची वर्षे वाढली की हिशेबवहीत खर्च कमी दिसू लागतो, आणि त्याच वर्षांत धोका वाढत जातो. पुढे वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

९/
आता मिराज-२०००. ही कथा अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्या मते अधिक बोधक.

१९८२ मध्ये करार, १९८५ मध्ये पहिली विमाने ग्वाल्हेरला. दहा विमाने पुढे २००० मध्ये आणखी मागवली गेली. १९९९ च्या कारगिल युद्धात या विमानांना इस्रायली 'लायटनिंग' लक्ष्यवेधी उपकरण आणि लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे बॉम्ब घाईघाईने जोडण्यात आले. २४ जूनला टायगर हिलवर त्यांचा मारा झाला. हे देखील अद्ययावतीकरणच होते; फक्त ते नेमक्या गरजेपुरते होते, आणि अल्पावधीत झाले. संपूर्ण विमान न उसवता एकच धार लावली होती.

१०/
कारगिलनंतर हवाई दलाची इच्छा साधी होती: आणखी मिराज घ्यावेत, त्यांची सुधारित आवृत्ती घ्यावी. १२६ विमानांच्या गरजेची चर्चा तेथूनच सुरू झाली. मग निविदा, मग स्पर्धा, मग नियम. दरम्यान फ्रान्समधील मिराज-२००० ची उत्पादनरेषा २००७ मध्ये बंद पडली. ज्या विमानासाठी सर्व खटाटोप सुरू झाला, ते स्पर्धेच्या निविदा निघेपर्यंत बाजारातूनच गेले होते!

११/
आता हाती उरले जुनेच मिराज. ते अद्ययावत करण्याचा करार झाला जुलै २०११ मध्ये. विक्रेते तेच फ्रेंच, थॅलेस आणि दासो. दुसरा पर्याय नाही. विमानाचे मूळ आराखडे त्यांच्याकडे, संगणकाची मूळ आज्ञावली त्यांच्याकडे, उत्पादन बंद झालेले. अशा वेळी घासाघीस कशी होते, हे कोणत्याही बाजारात गेलेल्या माणसाला कळेल.

१२/
करारानंतर काही काळाने संसदेत सरकारने जे उत्तर दिले, त्यातील आकडे आजही उद्धृत होतात. एका मिराजच्या अद्ययावतीकरणाचा खर्च सुमारे १६७ कोटी रुपये. २००० मध्ये मागवलेल्या नव्या कोऱ्या मिराजची किंमत सुमारे १३३ कोटी रुपये.

डागडुजी घराहून महाग! टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. सरकारचे स्पष्टीकरण असे की दरवर्षी साडेतीन टक्के भाववाढ धरली तर ते १३३ कोटी २०११ मध्ये १९५ कोटी होतात. गणित बरोबर आहे. तरीही १९५ च्या विमानावर १६७ म्हणजे किमतीच्या ८५ टक्क्यांहून अधिक. त्यात मायका क्षेपणास्त्रे नाहीत. त्यांचा सुमारे ६,६०० कोटींचा स्वतंत्र करार २०१२ मध्ये झाला.

१३/
मला ही तुलनाच अपुरी वाटते. १३३ की १९५ हा वाद पैशाच्या मूल्याचा आहे. विचारायला हवा तो प्रश्न हा: १६७ कोटी देऊन किती वर्षे विकत घेतली?

पहिली दोन अद्ययावत विमाने फ्रान्समध्ये मार्च २०१५ ला हाती आली. उरलेली बंगळुरूला एचएएलने एकेक करून करायची होती. म्हणजे १९८५ मध्ये आलेल्या तुकडीतील विमानाची पाळी तिशी ओलांडल्यावर येते. त्यानंतर ते पंधरा वर्षे उडाले असे समजू. वर्षाला अकरा कोटी पडले. हेच काम दहा वर्षे आधी झाले असते, तर पंचवीस वर्षे मिळाली असती, वर्षाला सात कोटींहून कमी पडले असते. शिवाय उत्पादन चालू असल्याने भावही बहुधा उतरला असता. विलंबाने पैसे दोन्ही बाजूंनी खाल्ले. भाज्य मोठा झाला, भाजक लहान झाला.

१४/
संख्याही आठवा. पन्नासच्या आसपास विमाने, आणि भारतासाठी म्हणून केलेली खास रचना. चौथ्या भागात सांगितलेला तो स्थिर खर्च एवढ्याच विमानांनी पेलला.

(या प्रवासात माणसेही गेली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूला अद्ययावत मिराजच्या चाचणी-उड्डाणात अपघात होऊन दोन वैमानिकांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला बालाकोटवर गेली तीही मिराजच.)

१५/
आता युरोपात जाऊ, कारण हाच प्रश्न तेथे दुसऱ्या रीतीने सोडवला गेला.

१९७५ मध्ये बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि नॉर्वे या चार लहान देशांनी एकत्र येऊन अमेरिकी एफ-१६ घेण्याचे ठरवले. १९९० च्या दशकात ही विमाने जुनी होऊ लागली, तेव्हा त्यांनी अद्ययावतीकरणही एकत्रच केले. रचनेचा आणि चाचण्यांचा खर्च अमेरिकेसह वाटून घेतला. शेकडो विमाने, एकच रचना, एकच आज्ञावली.

१६/
त्यांचे दुसरे शहाणपण मला त्याहून मोलाचे वाटते. त्यांनी जुने संगणक काढून एक मुख्य संगणक बसवला आणि पुढे दर काही वर्षांनी केवळ आज्ञावलीची नवी आवृत्ती आणली. या आवृत्त्यांना 'टेप' म्हणत. एक टेप आली की नवे शस्त्र, दुसरी आली की नवी संपर्कव्यवस्था. विमान महिनोन्‌महिने उसवून ठेवावे लागत नसे. खर्च हप्त्याहप्त्याने, सुधारणा सतत.

१७/
आणि शेवट पाहा. ही विमाने निवृत्त झाली तेव्हा भंगारात गेली नाहीत. नेदरलँड्सने चिलीला विकली, नॉर्वेने रोमानियाला, डेन्मार्कने अर्जेंटिनाला. २०२४ पासून युक्रेनच्या आकाशात जी एफ-१६ उडत आहेत, ती याच कुळातील. वेळेवर केलेल्या खर्चाचा काही भाग चाळिशीतल्या विमानांनी परत आणून दिला.

तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. त्या देशांपुढे एकच मुख्य पुरवठादार होता, एकच युती होती. आपण रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा तिघांचीही विमाने घेतली आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र झाला. पण ही विविधताही आपलीच निवड होती. एका पुरवठादाराने हात आखडला तर दुसरा असावा, हे तिचे कारण. त्या स्वातंत्र्याची किंमत आपण अद्ययावतीकरणाच्या खात्यावर भरतो, असे म्हणता येईल.

१८/
आपल्याकडे दुसरी वाट कोणी चालून पाहिलीच नाही, असे नाही. १९८० च्या दशकात 'जॅग्वार' विमानांची मूळ ब्रिटिश मार्गदर्शन व लक्ष्यवेध यंत्रणा समाधानकारक नव्हती, तेव्हा 'डॅरिन' नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. निरनिराळ्या देशांतील उपकरणे एका संगणकीय वाहिनीवर जोडण्याचे काम भारतीय अभियंत्यांनी बंगळुरूत केले. पुढे डॅरिन-२ आणि डॅरिन-३ आले. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या प्रकल्पाचे महत्त्व तरुण वाचकांना क्वचितच सांगितले जाते. विमान परदेशी, पण त्याचा मेंदू आपला, आणि मेंदू आपला असला की नवे शस्त्र जोडण्यासाठी दर वेळी मूळ विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागत नाही.

१९/
याच विद्येवर सुखोई-३० एमकेआय चा संगणक उभा राहिला. ब्रह्मोससारखे अवजड क्षेपणास्त्र त्या विमानाला जोडण्यासाठी लागणारे फेरफार ओझरच्या एचएएलने केले. जून २०१६ मध्ये ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोई नाशिकच्या आकाशात उडाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावर पहिला प्रत्यक्ष मारा झाला.

जॅग्वारची पुढची गोष्ट मात्र उदास आहे. इंजिन दुबळे, म्हणून नवे अमेरिकी इंजिन बसवायचे ठरले. चर्चा वर्षानुवर्षे चालली, किंमत चढत गेली, आणि २०१९ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. विमानांचे उरलेले आयुष्य पाहता तो खर्च आता परवडत नाही, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष योग्यच. पण चर्चा सुरू झाली तेव्हा तेच आयुष्य पुरेसे होते! विलंबाने प्रकल्प महाग केला, आणि महाग झाला म्हणून तो रद्द झाला.

२०/
मिग-२९ विषयी थोडक्यात. २००८ मध्ये सुमारे ९६ कोटी डॉलरचा करार; साठहून अधिक विमाने; पहिली काही रशियात, बाकीची ओझरच्याच हवाई दल दुरुस्ती आगारात. वेळापत्रक येथेही घसरले. तरी मूळ विमान दोन इंजिनांचे आणि मिग-२१ च्या मानाने पुष्कळ तरुण असल्याने हा व्यवहार एकंदरीत पदरात पडला, असे माझे मत आहे.

२१/
हा इतिहास आज उगाळायचे कारण सुखोई. २७ सप्टेंबर २००२ ला पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय विधिवत दाखल झाले. आज त्यांची संख्या अडीचशेहून अधिक आहे. हवाई दलाचा कणाच तो. पहिल्या विमानांनी विशी ओलांडली आहे. त्यांपैकी ८४ विमानांना पहिल्या टप्प्यात नवे स्वदेशी 'विरूपाक्ष' रडार, नवे संगणक आणि नवी इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली देण्याची योजना आहे. बातम्यांत येणारा आकडा साठ हजार कोटींच्या पुढचा आहे.

२२/
भागाकार करू. साठ हजार भागिले चौऱ्याऐंशी: एका विमानाला सातशे कोटींहून अधिक. डिसेंबर २०२४ मध्ये १२ नव्या सुखोईंचा करार सुमारे १३,५०० कोटींना झाला. एका विमानामागे अकराशे कोटींच्या वर, त्यात संबंधित साहित्यही आले. म्हणजे डागडुजी नव्या घराच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात. मिराजच्या मानाने प्रमाण बरे दिसते. शिवाय रडार आपले, आज्ञावली आपली, आणि ८४ नंतरही दीडशेहून अधिक विमाने रांगेत उभी असल्याने स्थिर खर्च वाटला जाण्याची शक्यता. डॅरिनपासून जे शिकलो, ते येथे कामी येऊ शकते.

२३/
धोका एकच, आणि तो जुनाच. मंजुरीला काही वर्षे, करारावर सहीला आणखी काही, पहिल्या नमुन्याला त्याहून अधिक. पंचविशीत सुरू व्हायचे काम पस्तिशीत सुरू झाले, तर तेच सातशे कोटी निम्मी वर्षे विकत घेतील. तोवर कागदावरील रक्कम बदललीच नाही, असे कोणीतरी अभिमानाने सांगेलही.

हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. एवढ्या तुटीत सुखोई मोठ्या संख्येने कारखान्यात उभी ठेवणे सोपे नाही. ती उभी न ठेवणेही परवडणारे नाही. टप्प्याटप्प्याने, आज्ञावली आधी आणि रडार नंतर, अशी विभागणी करता येईल का, याचा विचार व्हावा, असे मला वाटते. चार युरोपीय देशांनी टेपच्या हप्त्यांनी जे साधले, त्याची ती भारतीय आवृत्ती ठरेल.

२४/
पुलाच्या पलीकडच्या काठाचेही पाहावे लागेल. ८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. पहिले विमान २०२४ च्या प्रारंभी मिळायचे होते. मिग-२१ ने निरोप घेतला त्या दिवसापर्यंत एकही हवाई दलाच्या हाती आले नव्हते. आदल्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, आणखी ९७ तेजसच्या ६२,३७० कोटींच्या करारावर सही झाली होती.

२५/
१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. मिग-२१ बांधण्यासाठी जेथे कारखाना उभा राहिला, बायसन जेथे घडले, सुखोई जेथे बांधले गेले, तीच ही जागा.

सुखोईच्या अद्ययावतीकरणाचा करार जाहीर होईल तेव्हा ठळक मथळ्यात एकूण रक्कम असेल. मी तिच्याखाली दोन तारखा शोधणार आहे: शेवटचे, म्हणजे ८४ वे विमान हवाई दलाकडे परतण्याची, आणि पहिले अद्ययावत विमान निवृत्त करण्याची. १९९६ च्या बायसन करारात दुसरी तारीख पाळली जाईल अशी व्यवस्थाच नव्हती.

पुढील धागा: १९७५ चा एफ-१६ करार आणि चार लहान देशांची सौदेबाजी.